तेरा मिनिटांनी सरकलेला धूमकेतू

मी पत्रकं लिहितो. छापतो तो अमरावतीचा शिळाप्रेसवाला. शिव्या खायचं काम माझ्याकडे. आजवर अकरा पत्रकं काढली. पहिल्या दहांनी कोणाच्या अंगावरची माशी उठली नाही. अकरावं मात्र यशस्वी झालं, अगदी मला हवं होतं तसं. हा मजकूर त्या यशाबद्दल आहे. त्या यशापायी मी एका माणसाचा धूमकेतू जवळजवळ बुडवला होता, आणि हे कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजे. तो माणूस लिहिणार नाही. त्याला आकड्यांपलीकडे काही लिहायला आवडत नाही.

त्या वर्षांत कापसाने लोकांची डोकी फिरवली होती. तिकडे अमेरिकेत भाऊबंद आपसात लढत होते, विलायतेतल्या गिरण्या उपाशी पडल्या होत्या, आणि इकडे अकोल्याच्या बाजारात बैलांच्या शिंगांवर पितळेची टोपणं चढली होती. पहाटेपासून गाड्यांची रांग लागे. बोली चाले रुमालाखाली: दलाल आणि शेतकरी एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत आणि तोंडाने थंडीबद्दल बोलत. ही बोली टोल्यावर सुरू होई आणि टोल्यावर बंद. शेवटचा टोला पडेपर्यंत ज्याची गाडी पुढे सरकली नाही त्याने दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच कुडकुडायचं. टोला वेळेआधी पडतो अशी ओरड होती, आणि मी ओरडीच्या शोधातच फिरत असे.

टोला देई एक म्हातारा मुसलमान. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याच्यापुढे पाण्याने भरलेलं तांब्याचं घंगाळ आणि त्यात तळाला बारीक भोक पाडलेली वाटी. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. चाचा ती काढून पुन्हा तरंगत ठेवी आणि काशाच्या थाळीवर ठोका देई. बाजाराच्या ओट्यावर त्याने दगडात एक रेघ कोरलेली होती आणि तिच्या टोकाशी एक लोखंडी खिळा उभा ठोकला होता. खिळ्याची सावली रेघेवर आली की दुपारचे बारा. तो दिवसाचा मोठा टोला, आणि त्यावरून वाटीची चूकभूल रोज दुरुस्त होई.

मला हे सगळं हास्यास्पद वाटलं. गावात तारघर होतं. तिथल्या घड्याळात रोज तारेवरून वेळ येई, विजेच्या वेगाने, आणि आमचा बाजार वाटीत वेळ शोधत बसलेला. मी लिहिलं: ‘वाटी बुडते, की डुलकीत बुडवली जाते?’ आणखी बरंच लिहिलं. चाचाचं नाव घातलं नाही, पण दाढी घातली. माझं नावही घातलं नाही; पत्रकावर मी कधीच सही करत नाही. आठवड्याच्या आत बाजाराच्या पंचांनी ठरवलं की सोमवारपासून टोला तारघराच्या घड्याळावर पडेल आणि तो तारघराचा शिपाई देईल. चाचाला घरी पाठवलं. मी त्या दिवशी आत्याकडे दोन ताटं जेवलो.

आता धूमकेतूचा माणूस. मोजणी कचेरीत आकडेमोड करणारे एक गृहस्थ होते, हिवरखेडकडच्या शेतकरी घरातले, वय चाळिशीचं. आधी शाळेत शिकवत म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. शेतांचे आणि टेकड्यांचे त्रिकोण सोडवायचे हे त्यांचं पोटाचं काम. उरलेल्या वेळात ते आकाशातल्या वाटा काढत: अमुक धूमकेतू सूर्याभोवती कोणत्या मार्गाने फिरला, दोन ग्रहांच्या मधल्या पोकळीत जे बारके ग्रह एकामागून एक सापडत होते ते कुठून कुठे जातात. आकडे जुन्या इंग्रजी पुस्तकांतले, दुसऱ्यांनी घेतलेले. स्वतःच्या डोळ्याने मोजलेला एकही धूमकेतू त्यांच्याकडे नव्हता.

तो त्या डिसेंबरात मिळाला. दिवस मावळल्यावर पश्चिमेला, श्रवण ताऱ्याच्या वरच्या अंगाला, कापसाचं बोंड उकलावं तसा एक पांढुरका डाग. बाजारात कोणाला त्याचा पत्ता नव्हता, इतका तो मंद. कचेरीचा मोठा साहेब नाताळासाठी चिखलदऱ्याला निघाला होता. मास्तरांनी त्याला डाग दाखवला. साहेबाने तिपाईवरची मोजणीची दुर्बीण, जिच्या चकत्यांवर उंची आणि दिशा वाचता येते ती, कचेरी सुटल्यावर वापरायची परवानगी दिली आणि म्हणाला, पुढच्या शनिवारी मी परत येईन, तेव्हा धूमकेतूचा मार्ग काढून तयार ठेव. पटला तर त्याच दिवशीच्या टपालाने मद्रासच्या वेधशाळेला पाठवतो. सोमवारी दुर्बीण छावणीबरोबर मेळघाटाकडे जाणार होती. म्हणजे जे काय व्हायचं ते शनिवारपर्यंत. दहा वर्षं दुसऱ्यांच्या आकड्यांवर राबलेल्या माणसाला एकदाच स्वतःचे आकडे मिळाले होते, आणि ते पोचवायला एकच टपाल.

मी त्यांच्याकडे गेलो होतो पत्रकाला पाठिंबा मागायला. त्यांनी पाठिंबा दिला नाही. गच्चीवर नेऊन दुर्बिणीला डोळा लावायला लावला. भिंगातल्या आडव्या-उभ्या तारांच्या मधोमध तो डाग होता आणि तो खरोखर होता. मास्तर म्हणाले, “बोलनं बंद झालं तुझं, म्हन्जे दुर्बीण कामाची हाये.” त्या संध्याकाळपासून मी त्यांचा लेखनिक झालो. ते दुर्बीण रोखत, तारांच्या फुलीवर आधी श्रवण आणत, मग धूमकेतू. फुलीवर आला की म्हणत, “आला.” मी घड्याळाचा मिनिट-सेकंद टिपायचा, मग ते चकत्या वाचून सांगत.

“श्रवण कशाला दर वेळी?” मी विचारलं.

“तो साक्षीदार. शेत मोजताना मागच्या खुंटीवर पुन्हा नजर टाकतो का नाई? तसं.”

साक्षीदाराचे आकडे मी टिपत असे, पण त्यांचं गणित मास्तरांनी शेवटासाठी ठेवलं होतं. घाई होती.

घड्याळ मास्तरांच्या खिशातलं, रोज दोन-तीन मिनिटं मागे पडणारं, म्हणून ते रोज बाजाराच्या दुपारच्या मोठ्या टोल्यावर लावत. चाचाची रेघ त्यांनी दोन वर्षांपूर्वी स्वतः सूर्यावरून तपासली होती आणि ती पक्की निघाली होती. सूर्य घड्याळाच्या कधी पुढे असतो, कधी मागे. त्याचा तक्ता त्यांच्याकडे होता, आणि डिसेंबराच्या त्या दिवसांत तो फरक मिनिट-दोन मिनिटांचाच. पहिले तीन वेध चाचाच्या टोल्यावर झाले. मग आला माझा सोमवार.

“नवा टोला कोनी तपासला?” मास्तरांनी मला विचारलं होतं.

“तारेची वेळ आहे मास्तर. तपासायची काय त्यात?”

“म्हन्जे तू नाई तपासला.”

“वाटीपेक्षा तर बरीच असेल.”

त्यांनी मान हलवली आणि कोष्टकात डोकं घातलं. मी खोटं बोललो नव्हतो. मला माहीतच नव्हतं, आणि माहीत नाही हे सांगायची मला सवय नव्हती.

मंगळवारी चौथा वेध, बुधवारी पाचवा.

धूमकेतूच्या वाटेचं गणित ऐकायला सोपं आहे. तीन वेगवेगळ्या दिवशी तो कुठे दिसला एवढं नीट माहीत असलं की त्याचा सूर्याभोवतीचा सगळा वळसा काढता येतो. करायला मात्र ते म्हणजे सात-सात आकडी कोष्टकांचं रान. मास्तरांनी पहिल्या तिघांवरून वाट काढली होती. आता चौथा आणि पाचवा वेध त्याच वाटेवर पडला पाहिजे, तीच परीक्षा. गुरुवारी सकाळी त्यांनी चौथा तपासला. धूमकेतू वाटेवर नव्हता. जिथे असायला हवा तिथून पूर्वेला सव्वातीन अंश सरकलेला. पौर्णिमेचे सहा-साडेसहा चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी जागा लागेल तेवढा. पाचवाही तसाच.

मास्तरांनी गणित पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा केलं. दुपारची भाकरी तशीच राहिली. चार वाजता त्यांनी लेखणी पुसून ठेवली.

“साहेबाले सांगतो, नाई जमलं.”

मला सहन झालं नाही. “का सांगायचं? पहिले तीन वेध पाठवा. वाट तर निघाली आहे. शेवटच्या दोन दिवशी धुकं होतं म्हणा.”

“धुकं होतं काय?”

“नव्हतं. पण मद्रासला कोण बघतंय?”

मास्तरांनी वही पुढे ओढली. “जे पान आपल्या आड येते ते फाडाचं, हे तुमचं पत्रकवाल्याचं काम हाये बाप्पा. आमच्यात ते पान पह्यले वाचतात.” मग वही माझ्यासमोर टाकून म्हणाले, “बस इथं. साक्षीदाराचं गणित कर. सोपं हाये, तुलेबी जमते. अन् तोंड बंद ठेव.”

मी रागाने बसलो. रागात माझं गणित बरं होतं. पहिल्या तीन संध्याकाळी श्रवण एकाच जागी, केसाएवढा फरक. चौथ्या संध्याकाळचं उत्तर आलं तेव्हा मी ते खोडलं आणि पुन्हा केलं. पाचव्याचंही केलं.

“मास्तर, श्रवण सरकला.”

“श्रवण नाई सरकत.”

“पूर्वेला. सव्वातीन अंश. दोन्ही दिवशी.”

ते उठून आले. कागद खिडकीकडे धरला. मी त्यांचा चेहरा बघत होतो, आणि तो असा उजळत गेला की मला आधी काही समजेचना. धूमकेतू एकटा सरकला नव्हता. त्याच्याबरोबर, तेवढाच, त्याच दिशेने, हजारो वर्षं जागा न सोडलेला ताराही सरकला होता. म्हणजे दोघांपैकी कोणीही सरकलं नव्हतं.

“वेळ सरकली,” मास्तर म्हणाले. “आकाश तासाले पंधरा अंश फिरते. सव्वातीन अंश म्हन्जे...”

“तेरा मिनिटं.”

त्यांनी भिंतीवरचा हिंदुस्थानचा नकाशा बोटाने चाचपला. एक बोट अकोल्यावर, दुसरं मद्रासवर. खालच्या कडेचे अंश मोजले आणि मोठ्याने हसले. मास्तरांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. “तारेवरची वेळ मद्रासच्या वेधशाळेतून येत असली पाहिजे. मद्रास आपल्या पूर्वेले किती? सव्वातीन अंश. अरे, तुझं तारघर मद्रासचे बारा वाजवून राह्यलं. तिथं सूर्य माथ्यावर आला की इथं टोला. आपल्या इथं सूर्य यायले अजून तेरा मिनिटं.”

मला एकाच वेळी नाचावंसं आणि मरावंसं वाटत होतं. धूमकेतू वाचला होता आणि तो बुडवणारा मी होतो. “मग तेरा मिनिटं वजा करा, झालं.”

“अंदाजानं? मग तुझ्यात अन् माझ्यात फरक काय राह्यला? उद्या दुपारी टोला अन् सावली, दोन्ही एका घड्याळावर मोजू. चाचाच्या खिळ्यापाशी.”

खिळा तिथे नव्हता. संध्याकाळी ओट्यावर जाऊन बघितलं तर रेघेच्या टोकाशी नुसतं भोक. पंचांनी घंगाळ आणि थाळी ठेवून घेतली होती. खिळा चाचाने उपटून नेला होता. मास्तर म्हणाले, “जा. तूच जाचं.”

शुक्रवारी सकाळी गेलो. चाचा दारात उन्हाला बसून सरकी निवडत होता.

“आओ मियाँ,” तो म्हणाला. “दाढीचं लिहिलं तेच ना तुमी?”

“पत्रकावर नाव नव्हतं.”

“नाव नव्हतं म्हनूनच समजलं. नाववाला मानूस तोंडावर बोलते.”

मी काय काय बोलायचं ठरवून गेलो होतो ते सगळं विसरलो. सरळ सांगितलं: तारघराचा टोला मद्रासचा आहे, मी तो न तपासता बाजाराच्या गळ्यात मारला, त्याने मास्तरांचा धूमकेतू सरकला, आणि आता तुमचा खिळा पाहिजे.

“बोली कोन बंद करत होतं ते तरी तपासलं काय?” चाचा म्हणाला. “मी टोला बराबर देत होतो. टोल्याच्या आधी रुमाल झटकून उठत होते दलाल. टोला नवा झाला, आता उठत नाहीत?”

उठत होते. मी स्वतः त्याच आठवड्यात बघितलं होतं आणि स्वतःला सांगितलं होतं की नवीन व्यवस्था आहे, बसेल हळूहळू.

चाचाने सरकीचं सूप बाजूला ठेवलं. “माझा खिळा आसमानाच्या कामाले लागला तर. चला, तुमच्या हाती देनार नाही पन.”

ओट्यावर त्याने खिळा भोकात बसवला, दोऱ्याला दगड बांधून चारी बाजूंनी सरळ केला, पुन्हा थोडा ठोकला, पुन्हा दोरा धरला. अर्धा तास गेला. गाडीवाले जमले. मास्तर घड्याळ तळहातावर घेऊन बसलेले. मी वही उघडून.

तारघराचा टोला पडला. मास्तर म्हणाले, “लिही.” खिळ्याची सावली रेघेपासून चांगली बोटभर दूर होती.

“बारा वाजले, चाचा,” एका दलालाने चिडवलं. “सावलीले सांगा लवकर ये म्हना.”

“तुमचे वाजले,” चाचा सावलीवरून नजर न काढता म्हणाला. “आमचे येऊन राह्यले.”

लोक हसले, मग पुढे सरसावले, कारण सावली सरकताना दिसत होती. खरंच दिसत होती. मी आयुष्यात कधी एखादी सावली इतका वेळ बघितली नव्हती. दगडाच्या एका खाचेवरून दुसऱ्या खाचेवर. दलालसुद्धा वाकून बघायला लागला. चाचाने बोट वर केलं, थांबवून धरलं, आणि खाली आणलं.

“आला,” मास्तर म्हणाले.

तक्त्यातली दुरुस्ती घालून मास्तरांनी तिथेच ओट्यावर हिशोब केला आणि वही माझ्याकडे वळवली. तेरा मिनिटं, वर काही सेकंद. मी ती ओळ तीनदा वाचली. गाडीवाल्यांतल्या एकाने विचारलं, “मंग आमचे बारा कोठी गेले होते?” त्याला मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर मास्तरांनी दंड धरून ओढत नेलं. दिवस मावळायला साडेपाच तास होते.

ते साडेपाच तास मी कधी विसरणार नाही. मास्तर कोष्टकातून आकडा सांगत, मी मांडत, मी चुकलो की ते टेबलावर बोट आपटत. चौथा वेध दुरुस्त झाला आणि पोरगं रांगेत येऊन उभं राहावं तसा वाटेवर येऊन बसला. पाचवाही बसला. मास्तरांनी पाचही वेधांवरून वाट पुन्हा काढली आणि म्हणाले, “आता खरं. आज संध्याकाळी तो कोठी असला पाहिजे ते आधी काढू. दुर्बीण आधीच रोखून ठेवाची. मंग डोळा लावाचा.”

चाचाही गच्चीवर आला. खिळ्याचं पुढे काय झालं ते बघायचा त्याचा हक्क होता. उजेड विझत गेला. मास्तरांनी चकत्या गणिताच्या आकड्यांवर लावून घट्ट केल्या, मी घड्याळावरून सेकंद मोठ्याने मोजत होतो, आणि ठरलेल्या सेकंदाला त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. बाजूला झाले आणि मला पुढे ढकललं.

फुलीच्या अगदी जवळ, किंचित डावीकडे, तो पांढुरका डाग. कागदावर काढला होता तिथे. आकाशाच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात, आम्ही दुपारी आकड्यांनी ठरवलेल्या जागी तो आपणहून येऊन थांबला होता. मी मोजणं विसरलो. पत्रक छापून आल्यावर जे वाटतं ते याच्यापुढे पाणी.

चाचाने बराच वेळ बघितलं. “एवढंच?” तो म्हणाला. “याच्यासाठी माझी वाटी गेली?” आणि पुन्हा डोळा लावला.

शनिवारी साहेब आला. मास्तरांनी कागद त्याच्यापुढे ठेवण्याआधी माझ्यापुढे ठेवले. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं होतं: वेळ अकोल्याची, बाजाराच्या ओट्यावरच्या मध्यान्हरेषेवरून, रेषा राखणाऱ्याचं नाव अमुक. चाचाचं पूर्ण नाव मला त्या दिवशी कळलं. खाली जागा मोकळी होती.

“चौथ्या अन् पाचव्या वेधाची वेळ काहून चुकली ते तू लिही. तुझ्या हातानं. अन् खाली सही.”

“मी सही करत नाही, मास्तर.”

“माईत हाये. म्हनूनच.”

मी लिहिलं की वरील दोन वेधांची वेळ तारघराच्या टोल्यावरून घेतली, टोला मी तपासला नव्हता, तो मद्रासच्या वेळेचा निघाला, मोजून ठरवलेला फरक वजा केला आहे. सरळ तीन ओळी. त्या लिहायला मला अकरा पत्रकांपेक्षा जास्त वेळ लागला. सही केली तेव्हा हात ओळखीचा वाटेना.

साहेबाने पानं उलटली, माझ्या तीन ओळींपाशी थांबला, मास्तरांना दोन प्रश्न विचारले आणि पाकीट बंद करून लाख लावली. टपाल दुपारी गेलं. सोमवारी दुर्बीण पेटीत बसून मेळघाटाकडे गेली. मद्रासहून अजून उत्तर आलेलं नाही. मास्तर म्हणतात, तिथल्या लोकांनाही तीनदा गणित करावं लागेल, करू दे.

बारावं पत्रक मी त्याच आठवड्यात काढलं: टोल्याबद्दल, रुमाल झटकून उठणाऱ्यांबद्दल आणि चाचाबद्दल. खाली सही आहे. दोन दलालांनी माझ्या आत्याच्या दारात येऊन आवाज चढवला. आत्याने त्यांना विचारलं की तुम्ही मद्रासच्या वेळेवर आलात की अकोल्याच्या, आणि दार लावून घेतलं. पंचांनी चाचाला परत घेतलेलं नाही. पण खिळा ओट्यावर आहे, आणि रोज दुपारी तारघराचा टोला पडून गेल्यावर मास्तर घड्याळ तळहातावर घेऊन तिथे येतात. चाचा बोट वर धरून बसलेला असतो. चार-दोन गाडीवालेही थांबतात. त्यातल्या एकाने परवा विचारलं, आता कोणता तारा यायचा आहे, आणि चाचा म्हणाला, “गप. आमचे बारा येऊन राह्यले.”